“माझ्या मिस्टरांना फार आवडले!”

गेल्या थंडीत सासूबाईंच्या गुडघ्यांनी फारच उचल खाल्ली. शेकायला घरात रबरी पिशवी होती, पण तिच्यात गरम पाणी ओतताना त्यांचे हात थरथरत. मी जवळ नसले की जीव टांगणीला लागे. तेव्हा लेकीने सुचवले, “आई, विजेवर तापणारी पिशवी मागव ना! पाणी ओतायला नको की काही नको. पाच-दहा मिनिटं प्लग लावायचा, काढायचा, झालं.” आणि तिने फोनच माझ्या हातात दिला.

आता बाजारात जाऊन वस्तू घ्यायची म्हटली तर आपण ती हातात घेतो, उलटसुलट करून बघतो, दुकानदाराला चार प्रश्न विचारतो. फोनवर हात लावायला काय मिळणार? तिथे आधार एकच, आधी घेतलेल्या लोकांचे अभिप्राय. त्या पिशवीला पाचपैकी साडेचार चांदण्या होत्या आणि अभिप्राय शेकड्यांनी. मी चांगले तीस-चाळीस वाचले. “अप्रतिम वस्तू!” “माझ्या सासूबाईंना खूप आवडली!” “माझे मिस्टर तर म्हणाले, आधी का नाही आणलीस!” “प्रत्येक घरात हवीच!” वाचून मलाच गहिवरून आले. इतक्या जणींच्या सासवा खूष, मग माझ्याच का नाही होणार? तिसऱ्या दिवशी पिशवी दारात आली.

आठव्या रात्री तिची कडेची शिवण उसवली आणि आतले कढत पाणी सासूबाईंच्या गुडघ्यावर सांडले. रुपयाएवढा फोड आला. देवाच्या दयेने पंधरा दिवसांत बरा झाला. पण “अगं, असू दे, तू मुद्दाम थोडंच केलंस,” असे त्या जितक्या वेळा म्हणाल्या, तितक्या वेळा मला ते फोडापेक्षा जास्त झोंबले. पिशवी बनवणाऱ्यांकडून तक्रारीचे उत्तर आजतागायत आलेले नाही.

नंतर एका दुपारी मी तेच अभिप्राय पुन्हा काढून बसले. या वेळी डोळ्यांत राग होता, म्हणून की काय, नीट वाचले. आणि एक गोष्ट लक्षात आली. पिशवी तापायला किती मिनिटे लागतात, हे त्या तीस-चाळीस जणींपैकी एकीनेही लिहिले नव्हते. वायर किती लांब आहे, पलंगापर्यंत पोचते का, वरचे कापड धुता येते का, पाऊण तासाने पिशवी गार होते की दोन तासांनी, एक अक्षर नाही. नवरा होता, सासू होती, आनंदीआनंद होता. पिशवी मात्र कुठेच नव्हती!

काकू, रागावणार नसाल तर सांगते

हे मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या नव्या सुनेला बोलून दाखवले. मुलगी गोड, शिकलेली, कडेवर दहा महिन्यांचे बाळ. तिचा चेहरा एकदम उतरला. म्हणाली, “काकू, तुम्ही रागावणार नसाल तर एक सांगते. मीही लिहिते असे.”

मग सगळे बाहेर आले. फोनवर कुणीतरी निरोप पाठवतो. सांगितलेली वस्तू आपल्या नावावर मागवायची, पाच चांदण्या द्यायच्या, दोन ओळी छान लिहायच्या, की वस्तूचे पैसे परत आणि वर पन्नास रुपये. कधी कधी तर वस्तूसुद्धा येत नाही, नुसते नाव आणि फोटो येतो. “बाळ दुपारी झोपलं की तेवढ्यात दोन-तीन होतात. काकू, माझ्या हातात माझे म्हणून तेवढेच पैसे येतात हो.”

मी विचारले, “ती शेकायची पिशवी तूच तर नव्हतीस लिहिली?”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “नसावी. पण खरं सांगू? आता आठवतही नाही.”

तिला बोल लावायला माझी जीभ रेटेना. पण डोक्यात एक किडा शिरला तो शिरलाच. न वापरलेल्या वस्तूची अशी तारीफ वाचून ओळखता येते का? माणसाला येत नसेल, तर यंत्राला येते का? शोध घेता घेता कळले की, याच प्रश्नावर अमेरिकेत मोठमोठ्या विद्यापीठांनी डोके लढवले आहे आणि त्यांना सापडलेले उत्तर आपल्या स्वयंपाकघरातल्या शहाणपणाच्या फार जवळचे आहे.

लाखो अभिप्रायांची निवडणी

“डेटा मायनिंग” हा शब्द हल्ली मुलांच्या तोंडी असतो. मायनिंग म्हणजे खाणकाम. डोंगरभर माती उपसायची आणि त्यातून गुंजभर सोने काढायचे. मला विचाराल तर त्याला तांदूळ निवडणे म्हणावे. सुपात पसरायचे, पाखडायचे आणि खडा दिसला की बाजूला. फरक एवढाच, की इथे तांदळाचे दाणे म्हणजे लोकांनी लिहिलेले शब्द आणि सूप म्हणजे कॉम्प्युटर.

शिकागो इथल्या इलिनॉय विद्यापीठातले बिंग लिऊ आणि त्यांचे विद्यार्थी नितीन जिंदाल यांनी हे पाखडणे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर केले. त्यांनी अॅमेझॉनवरचे ५८ लाख अभिप्राय गोळा केले. ते लिहिणारे होते २१ लाखांहून अधिक लोक. २००८ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. एवढ्या ढिगात खोटे कोणते, हे सांगणार कोण? त्यांनी युक्ती केली ती शाळामास्तरांची. पेपर तपासताना दोन मुलांची उत्तरे अक्षरन् अक्षर सारखी निघाली की मास्तर काय समजतात? तसेच इथे. तोच मजकूर वेगवेगळ्या नावांनी लिहिलेला, किंवा एकाच नावाने चार वेगळ्या वस्तूंना तीच तारीफ चिकटवलेली. असे जुळे अभिप्राय त्यांनी शोधले आणि यंत्राला सांगितले, “हे बघ, खोटे असे दिसतात. आता यांच्यासारखे बाकीचे तू शोध.”

यालाच “मशीन लर्निंग” म्हणतात, म्हणजे यंत्राने शिकणे. यंत्राला नियम सांगायचे नाहीत, नमुने दाखवायचे. आपणसुद्धा लेकीला भाकरी शिकवताना “पाणी अमुक मिलिलिटर घे” असे थोडेच सांगतो? “हे बघ, पीठ इतपत मऊ हवं,” म्हणतो आणि दहा वेळा करून दाखवतो. पुढे तिचा हातच सांगतो.

पण जुळ्यांची ही युक्ती एका ठिकाणी अडते. जो आळशी आहे, नक्कल करतो, तोच सापडतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलीसारखी कुणी दर वेळी नवी, मनापासून वाटावी अशी दोन वाक्ये लिहीत असेल तर?

वीस हॉटेले आणि आठशे अभिप्राय

त्याचे उत्तर आले २०११ साली, न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठातून. माइल ऑट, येजिन चोई, क्लेअर कार्डी आणि जेफ्री हॅनकॉक या चौघांनी मिळून हा प्रयोग केला. चौघांत दोघी बायका, हे मुद्दाम सांगते.

त्यांनी शिकागो शहरातली वीस नावाजलेली हॉटेले निवडली. प्रत्येक हॉटेलचे वीस, असे चारशे खरे अभिप्राय ट्रिपअॅडव्हायझर या प्रवाशांच्या वेबसाईटवरून घेतले. सगळे पाच चांदण्यांचे, तारीफ करणारे. आता तितकेच खोटे हवे होते. ते त्यांनी चक्क विकत घेतले! घरबसल्या फुटकळ कामे करून पैसे मिळवणाऱ्या लोकांना त्यांनी सांगितले, “समजा, तुम्ही या हॉटेलात जाहिरातीच्या खात्यात नोकरीला आहात आणि तुमच्या साहेबाला पाहुण्याने लिहिल्यासारखा छान अभिप्राय हवा आहे. लिहा.” एका अभिप्रायाला मोबदला एक डॉलर, वेळ अर्धा तास आणि एका माणसाने एकच लिहायचा. हॉटेलचे नाव आणि त्याच्या वेबसाईटचा पत्ता एवढेच त्यांच्या हाती. तिथे राहिल्याची अट नाही.

एक डॉलर! वाचताना मला खालच्या मजल्यावरचे पन्नास रुपये आठवले. साता समुद्रापलीकडेही भाव असाच.

आठशे अभिप्राय जमले. त्यातले एकशे साठ तीन विद्यार्थ्यांना वाचायला दिले आणि विचारले, खरे कोणते, खोटे कोणते? नाणे उडवून सांगितले तरी शंभरात पन्नास बरोबर येतील. तर या तिघांतला जो सर्वांत हुशार, त्याचे शंभरात बासष्ट आले आणि शेवटच्याचे त्रेपन्न. म्हणजे नाण्यापेक्षा जेमतेम बरे. आणि चुका कुठे झाल्या? बहुतेक खोट्याला खरे मानण्यात. माणसाचा स्वभावच असा, की समोरचा खरे बोलतो आहे असे धरून चालायचे. तो स्वभाव नसता तर संसार तरी कसे झाले असते? पण विकणाऱ्यांचे फावते ते याच स्वभावावर.

मग यंत्राची पाळी आली. सोळा हॉटेलांचे अभिप्राय त्याला शिकायला द्यायचे आणि उरलेल्या चार हॉटेलांवर त्याची परीक्षा घ्यायची, असे पाळीपाळीने. म्हणजे पाठांतर करून पास व्हायची सोय नाही, न वाचलेल्या धड्यावर प्रश्न! यंत्राने शंभरात जवळजवळ नव्वद बरोबर सांगितले.

यंत्राने पाहिले तरी काय?

हे कळले तेव्हा मी मोठ्याने हसले. सासूबाईंनी आतून विचारले, “काय गं झालं?”

यंत्राला इंग्रजी “समजत” नव्हते, बरे का. ते फक्त शब्द आणि शब्दांच्या जोड्या मोजत होते. कुठला शब्द खऱ्यात जास्त वेळा येतो, कुठला खोट्यात. प्रत्येक शब्दाला त्याप्रमाणे वजन द्यायचे. नवा अभिप्राय आला की त्यातल्या शब्दांची वजने दोन पारड्यांत टाकायची आणि काटा कुठे झुकतो ते बघायचे. भाजीवाल्याचा तराजूच म्हणा ना.

तर खऱ्याच्या पारड्यात काय निघाले? “न्हाणीघर”, “मजला”, “लहान”, “जागा”, शिवाय डॉलरची खूण. म्हणजे जे डोळ्यांना दिसते, हाताला लागते, खिशाला चाट लावते ते. खोली लहान होती, न्हाणीघर असे होते, अमुक मजल्यावर होतो. जो राहून आला आहे, त्याच्याच मनात हे असणार.

आणि खोट्याच्या पारड्यात? शहराचे नाव “शिकागो”, “आलिशान”, “अनुभव”, “सुट्टी”, “व्यवसाय”, सारखे “मी, मी, माझे” आणि, मैत्रिणींनो, “माझे पती”! होय, “माझे पती” ही शब्दांची जोडी खोटेपणाच्या ठळक खुणांत निघाली.

असे का व्हावे? विचार केला तर सोपे आहे. न पाहिलेल्या न्हाणीघराबद्दल काय लिहिणार? मग माणूस लिहितो ते जे प्रत्येकाजवळ असते ते. कोण बरोबर होते, का गेलो, किती मजा आली. नवरा काय, प्रत्येकीला असू शकतो, आणि नवऱ्याचे नाव काढले की वाक्याला घरचा वास येतो. माणूस म्हणतो, बाई नवऱ्याबरोबर गेली होती, म्हणजे खरेच असणार! अभ्यासकांनी याला नाव दिले आहे. खरा अनुभव सांगणारी भाषा माहिती देणाऱ्या लेखनासारखी असते, तिच्यात नामे आणि विशेषणे जास्त. खोटी भाषा कल्पित गोष्टीसारखी असते, तिच्यात क्रियापदे, क्रियाविशेषणे आणि सर्वनामे जास्त.

आईला हे विद्यापीठात जाऊन शिकावे लागत नाही. मुलगा क्लास बुडवून आला की काय सांगतो? “मस्त झाला क्लास! सर फार छान शिकवतात! सगळ्यांना आवडतात!” आपण फक्त विचारायचे, “बाजूला कोण बसलं होतं? फळ्यावर काय लिहिलं होतं?” की लागलाच घसा खाकरायला. कॉर्नेलच्या यंत्राने केले ते एवढेच. त्याने आठशे मुलांना एकदम विचारले.

यांच्यापैकीच काही मंडळींनी २०१३ साली वाईट अभिप्रायांवर, म्हणजे मुद्दाम दुसऱ्याच्या हॉटेलची निंदा करणाऱ्यांवरही, असाच प्रयोग केला. तिथे यंत्राचे शंभरात शहाऐंशी बरोबर आले. आणि खोटी निंदा कशी ओळखली? तिच्यात रागाचे, तिटकाऱ्याचे शब्द खऱ्या निंदेपेक्षा जास्त होते. खरा गांजलेला माणूस “नळ गळत होता” म्हणतो. पैसे घेऊन गांजलेला माणूस “आयुष्यातला सर्वांत भयंकर अनुभव” म्हणतो.

एका चांदणीची किंमत

कुणी म्हणेल, दोन ओळींच्या खोट्याने असे काय बिघडते? बिघडते बरेच. हार्वर्डच्या मायकेल लूका यांनी अमेरिकेतल्या सिअॅटल शहरातल्या खाणावळींचे हिशेब तपासले. येल्प या वेबसाईटवर एक चांदणी वाढली, की उत्पन्न शंभरामागे पाच ते नऊ डॉलरनी वाढते, असे त्यांना दिसले. ही वाढ स्वतंत्र, छोट्या खाणावळींत दिसली. मोठ्या साखळी दुकानांना चांदण्यांनी फारसा फरक पडत नव्हता, कारण त्यांचे नाव आधीच माहीत असते. पुढे त्यांनी आणि जॉर्जिओस झेरव्हास यांनी बॉस्टन शहर घेतले. तिथल्या खाणावळींच्या अभिप्रायांपैकी शंभरात सुमारे सोळा येल्पच्या यंत्राने संशयित म्हणून बाजूला काढलेले होते. आणि खोट्याची वाट कोण धरते? ज्यांचे नाव अजून झालेले नाही किंवा नुकतेच खराब झाले आहे, ते. हा निबंध २०१६ सालचा.

लंडनमध्ये २०१७ साली तर कमालच झाली. ऊबा बटलर नावाचा एक तरुण पत्रकार पूर्वी दहा दहा पौंड घेऊन खोटे अभिप्राय लिहीत असे. त्याने आपल्या घरामागच्या बागेतल्या पत्र्या-लाकडाच्या खोपटाला “द शेड अॅट डलिच” असे नाव देऊन हॉटेल म्हणून नोंदवले. हॉटेल नाही, आचारी नाही, जेवण नाही. पदार्थांचे फोटो काढले, त्यातला फेस होता दाढीच्या साबणाचा. मित्रमैत्रिणींनी अभिप्राय लिहिले. फोन आला की उत्तर ठरलेले, “जागा नाही, पुढचे काही आठवडे भरले आहेत.” १ नोव्हेंबर २०१७ रोजी ते खोपटे ट्रिपअॅडव्हायझरवर साऱ्या लंडनमध्ये पहिल्या क्रमांकाचे हॉटेल झाले! शेवटी त्याने एक रात्र ते खरोखरच उघडले आणि दुकानातून आणलेले स्वस्त तयार जेवण गरम करून वाढले. खाऊन काही जण म्हणाले, पुन्हा येऊ म्हणून.

हसू येते खरे. पण खोपट्याच्या जागी औषध, बाळाची दुधाची बाटली किंवा शेकायची पिशवी ठेवून बघा. मग हसू येत नाही.

यंत्रावर भार टाकून झोपू नये

आता कुणी विचारेल, यंत्र इतके हुशार आहे तर खोटे अजून दिसतात कसे? त्याची कारणे ऐका.

एक तर शंभरात नव्वद म्हणजे शंभरात दहा चुका. त्या दहांत एखाद्या भाबड्या बाईचा खरा अभिप्रायही खोटा म्हणून पुसला जातो. बिचारी खरेच नवऱ्याबरोबर सुट्टीला गेलेली असते! दुसरे, शिकागोच्या हॉटेलांवर आणि इंग्रजीवर शिकलेले यंत्र मराठीत लिहिलेल्या मिक्सरच्या अभिप्रायाला तसेच्या तसे लागू पडत नाही. तांदळाची चाळण रव्याला चालते का? तिसरे आणि सर्वांत मोठे, चोर पोलिसांची पुस्तके वाचतात. “न्हाणीघर” लिहिले की खरे वाटते, हे कळल्यावर न्हाणीघर लिहायला कितीसा वेळ? शिवाय आता लिहिणारी यंत्रेही आली आहेत. त्यांना “खरा वाटेल असा अभिप्राय लिही” म्हटले, की वायरची लांबीसुद्धा ती मनाने ठोकून देतात.

म्हणून कंपन्यांची यंत्रे आता नुसते शब्द बघत नाहीत, वागणूकही बघतात. एकाच दिवशी पन्नास अभिप्राय कसे पडले? एकच व्यक्ती सकाळी कुकर, दुपारी केसांचे तेल आणि रात्री टायर, सगळ्यांना पाच चांदण्या कशी देते? वस्तू खरेच विकत घेतली होती का? पण आमच्या खालच्या मजल्यावर वस्तू खरेच विकत घेतली जाते आणि पैसे मागच्या दाराने परत येतात, हेही आता आपल्याला माहीत आहे. तेव्हा यंत्राच्या पहाऱ्यावर विसंबून डोळे मिटून घेऊ नयेत.

कायदाही हळूहळू जागा झाला आहे. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये अभिप्रायांसाठी “आयएस १९०००” हे मानक काढले. लिहिणाऱ्याची खातरजमा कशी करावी, अभिप्राय कसे तपासावेत आणि कसे छापावेत, हे त्यात सांगितले आहे. ते काढले तेव्हा सक्तीचे नव्हते, पाळणाऱ्याने पाळावे असे होते. अमेरिकेत खोटे अभिप्राय विकण्या-घेण्यावर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून, तर ब्रिटनमध्ये तसा कायदा एप्रिल २०२५ पासून लागू झाला.

एवढे लक्षात ठेवा

१. चांदण्यांची सरासरी बघून थांबू नका. तीन आणि चार चांदण्यांचे अभिप्राय आधी वाचा. “चांगले आहे, पण…” म्हणणारी बाई बहुधा वस्तू वापरलेली असते.

२. माप, वजन, वेळ, आवाज, वास, वायर, झाकण, धुण्याची पद्धत, यांतले काही आहे का ते बघा. नुसती तारीफ म्हणजे नुसती फोडणी, आत डाळ नाही.

३. नवरा, सासू, मुले आणि आनंद यांनीच अभिप्राय भरला असेल तर जरा थांबा. लगेच खोटा म्हणू नका, पण त्यावर पैसेही टाकू नका.

४. तारखा बघा. दोन-तीन दिवसांत तारफांचा पाऊस आणि मग महिनाभर कोरडे, असे असेल तर सावध व्हा.

५. वापरून दोन-तीन महिने झाल्यावर लिहिलेला एक अभिप्राय, पहिल्या दिवशीच्या वीसांच्या तोडीचा.

६. वीज, गॅस आणि लहान मुलांच्या वस्तू यांना चांदण्या नव्हे, आयएसआयची खूण बघून घ्या. शक्य तर दुकानात जाऊन हात लावून घ्या.

७. “घरबसल्या चांदण्या द्या, पैसे मिळवा” असा निरोप आला तर दुरूनच नमस्कार करा. आधी पन्नास-शंभर रुपये देऊन विश्वास बसवतात आणि मग “मोठ्या कामासाठी आधी पैसे भरा” म्हणून हजारोंना बुडवतात. असे फसलात तर लाजून गप्प बसू नका, १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा.

८. वस्तू सदोष निघाली आणि विकणारा दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. बिल आणि फोटो जपून ठेवा.

आणि आपणही लिहा

नववी गोष्ट मात्र मी यादीत घातली नाही, कारण ती सल्ला नाही, विनंती आहे. आपण वस्तू घेतो, वापरतो, चांगली निघाली तर विसरतो आणि वाईट निघाली तर शेजारणीला सांगतो. लिहीत कुणी नाही. मग मैदान मोकळे मिळते ते पन्नास रुपयेवाल्यांना. यंत्रालासुद्धा खरे ओळखायला शिकवायचे, तर आधी खऱ्याचे नमुने हवेत. ते आपल्याशिवाय कोण देणार?

गेल्या आठवड्यात मी बसले आणि त्या पिशवीवर लिहिले. सासूबाई शेजारीच होत्या. मी “फारच वाईट वस्तू” असे सुरू केले, तर म्हणाल्या, “तसं नको. डाव्या बाजूची शिवण उसवली असं लिही. आठव्या दिवशी, असं लिही. तापायला बारा मिनिटं लागायची, तेही लिही. आणि पहिले सात दिवस बरं वाटलं, ते पण लिही हो, उगाच खोटं नको.” मी तसेच लिहिले. नवऱ्याचा उल्लेख केला नाही.

संध्याकाळी खालची सून बाळाला घेऊन वर आली. मी तिला वाचून दाखवले. जरा वेळ ती बाळाच्या टोपीची दोरी बांधत बसली, सोडत बसली. मग म्हणाली, “काकू, मी त्या दोन ग्रुपमधून बाहेर पडले. एक अजून आहे.” मी काही बोलले नाही. पन्नास रुपयांची किंमत तिच्या घरात काय आहे, ते मला इथे बसून कसे कळणार?

जाताना दारात थांबून तिने विचारले, “काकू, त्या पिशवीची वायर केवढी होती हो?”

“हातभर,” मी म्हटले. “पलंगापर्यंत पोचायचीच नाही.”

“हे कुणीतरी आधी लिहायला हवं होतं,” ती म्हणाली.